कालव्याचा जुना फोरट्रान कोड नव्या कंपायलरवर : कामाच्या नोंदी

३ मार्च

काम आजपासून सुरू. कालव्यातल्या पाण्याची पातळी काढणारा प्रोग्राम आहे. दरवाजे वर-खाली केले की कुठल्या छेदावर, किती वेळाने, किती पाणी चढेल किंवा उतरेल ते तो सांगतो. आत वाहत्या पाण्याची सेंट-व्हेनांची समीकरणं आणि ती सोडवायला प्राइसमनची चार-बिंदू पद्धत. सुमारे १४ हजार ओळी, बहुतेक फोरट्रान ७७, म्हणजे या भाषेची जुनी आवृत्ती. काही सबरुटीन्स (प्रोग्रामचे वेगळे बोलावता येणारे तुकडे) त्याहूनही जुनी दिसतात, त्यांत अरिथमेटिक इफ अजून शाबूत आहे: ऋण, शून्य, धन अशा तीन लेबलांकडे उड्या.

जुना कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारा) ३२-बिट विंडोजवरचा. नव्या मशीनवर तो चढतच नाही, आणि परवान्याची चावी देणारी सोयही बंद झाली आहे. तयार एक्झी (बांधून झालेला प्रोग्राम) मात्र एका म्हाताऱ्या मशीनवर अजून चालते. जायचंय ६४-बिट लिनक्सवर, जीफोरट्रानकडे, म्हणजे जीसीसी या कंपायलर-संचातल्या फोरट्रान कंपायलरकडे.

आज कोडला हातच लावला नाही. त्या मशीनवर बसून जेवढ्या इनपुट फाइली सापडल्या तेवढ्या सगळ्या चालवल्या आणि आउटपुट रीड-ओन्ली करून ठेवलं. पुढचं सगळं भांडण या फाइलींशी होणार आहे.

सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, त्यापेक्षा पायथनमध्ये नव्यानंच लिहू या ना." म्हटलं, लिही. पण तुझं उत्तर बरोबर आलं हे कशाशी ताडून बघणार? "थिअरीशी." दरवाजा अर्धवट बुडलेला असताना कुठला गुणांक घ्यायचा हे थिअरी सांगत नाही. या कोडात तो गुणांक आहे, आणि तोच का हे कुठेही लिहिलेलं नाही. आधी आहे ते जसंच्या तसं चालवायचं, मग काय ती हौस करा.

४ मार्च

पहिलं कंपाइल. एरर थांबेचनात. अर्ध्याहून जास्त एकाच जातीच्या: सबरुटीनला पाठवलेल्या आर्ग्युमेंटचा (किमतीचा) प्रकार जुळत नाही. रिअल (दशांश) आकड्यांचा अ‍ॅरे, म्हणजे रांग, पाठवला, पलीकडे तो इंटिजर (पूर्णांक) म्हणून घेतला.

हे चुकून झालेलं नाही. फोरट्रान ७७ मध्ये चालू असताना मेमरी मागायची सोयच नव्हती. मग लोक काय करायचे, तर ब्लँक कॉमनमध्ये (सगळ्या सबरुटीन्सच्या सामाईक मेमरीत) एकच अजस्र अ‍ॅरे घ्यायचे आणि त्याचे तुकडे पाडून सबरुटीन्सना वाटायचे. इथून पुढे रुंदी, तिथून पुढे छेदांचे क्रमांक. मूळ अ‍ॅरे रिअल, तुकडा इंटिजर, कुणाला काही फरक पडत नसे, कारण दोन्ही चार-चार बाइटचे आणि कंपायलर प्रत्येक सबरुटीन स्वतंत्रपणे बघायचा. याला गलथानपणा म्हणणाऱ्यांनी त्या काळातली मेमरी किती असायची ते एकदा बघून यावं.

जीफोरट्रानही पूर्वी यावर फारसं बोलत नसे. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ही एरर झाली. 'लेगसी' हा स्टँडर्डचा पर्याय दिला की ती परत वॉर्निंगवर येते. दिला. लांबलचक यादी आटोपशीर झाली.

उरलेल्या एरर खऱ्या. एन्कोड आणि डीकोड ही विधानं जीफोरट्रानला येत नाहीत, त्यांच्या जागी कॅरेक्टर व्हेरिएबलमध्ये रीड-राइट केलं. फॉरमॅटच्या आत टोकदार कंसात व्हेरिएबल घालायची जुनी सवय होती, तीही इथे चालत नाही. फॉरमॅटची स्ट्रिंग आधी तयार करून मग वापरली. कंटाळवाणं काम, पण धोका नाही. जे कंपायलर तोंडावर सांगतो ते सोपं.

६ मार्च

आज जे सापडलं ते तोंडावर सांगितलेलं नव्हतं.

फिक्स्ड फॉर्मच्या फोरट्रानमध्ये विधान ७व्या रकान्यात सुरू होतं आणि ७२व्यात संपतं. पंचकार्डाचे रकाने ८०. शेवटच्या ८ रकान्यांत कार्डाचा क्रमांक टाकायचे, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता येईल. कंपायलर ते ८ रकाने वाचतच नाही. पुढे स्क्रीन आले, ओळी लांब करायची हाव सुटली आणि बहुतेक कंपायलरांनी १३२ रकान्यांपर्यंत वाचण्याचा पर्याय दिला.

आमच्या कोडात दोन्ही काळ एकत्र नांदतात. काही फाइलींत ७२च्या पलीकडे खरा कोड आहे. काहींत कार्डांचे क्रमांक आहेत. आणि जुन्या बिल्डची बॅच फाइल बघितली तर तिथे फाइलीगणिक वेगवेगळे पर्याय दिलेले. ते माझ्याकडे आलेल्या कोडच्या गठ्ठ्यात नव्हतेच, जुन्या मशीनवरच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये सापडले.

सगळ्यांना ७२ लावलं तर लांब ओळींचं शेपूट कापलं जातं. बऱ्याचदा कंस उघडा राहतो आणि एरर येते, ते ठीक. पण जिथे शेपटात फक्त एक "अधिक अमुक" असतं, तिथे ओळ कापूनही व्याकरणशुद्ध राहते आणि एक पद गुपचूप गायब होतं. सगळ्या वॉर्निंगा चालू केल्या तर जीफोरट्रान ओळ कापल्याचं सांगतो, पण तो कार्डांच्या क्रमांकांवरूनही तेच ओरडतो, त्यामुळे खरी ओरड त्यात बुडते.

सगळ्यांना १३२ लावलं तर आणखी मजा. फिक्स्ड फॉर्ममध्ये रिकाम्या जागेला अर्थ नसतो. 'क्यूओयूटी = क्यूआयएन - क्यूएलएटी' अशी ओळ, मग मोकळी जागा, मग ७३व्या रकान्यापासून ००००१२०. कंपायलरने मधली जागा पुसून टाकली आणि शेवटचं नाव वाचलं: क्यूएलएटी००००१२०. असं व्हेरिएबल कुठेही जाहीर केलेलं नाही, पण या कोडात इम्प्लिसिट नन (प्रत्येक नाव जाहीर करायला लावणारं विधान) नसल्याने तशी गरजही नाही. 'क्यू'ने सुरू होतं म्हणून रिअल. किंमत काय, तर मेमरीत जे असेल ते. एरर नाही. बाजूचा विसर्ग वजा व्हायचा, त्याच्या जागी कचरा वजा होणार.

फाइलीगणिक रकान्यांची मर्यादा ठरवली. मग इम्प्लिसिट नन सक्तीचा करणारा पर्याय तात्पुरता लावून जाहीर न केलेल्या नावांची यादी काढली आणि तिच्यातून अंकांच्या माळेत संपणारी नावं शोधली. एका फाइलीत दोन्ही प्रकार निघाले. तिच्यातले कार्डक्रमांक हातानेच उडवले. कोडमध्ये केलेला हा पहिला बदल, आणि तो विधानांच्या बाहेरचा आहे याचं समाधान.

१० मार्च

लिंक झालं. चालवलं. सेगमेंटेशन फॉल्ट.

डीबगरने दाखवलेली ओळ अगदी साधी: आर्ग्युमेंट म्हणून आलेल्या दरवाज्याच्या उघडीपेक्षा कमाल उघडी कमी असेल, तर त्या आर्ग्युमेंटमध्येच कमाल उघडी भरा. बोलावणाऱ्या बाजूला मात्र व्हेरिएबल नाही, सरळ ०.६ लिहिलंय.

फोरट्रानमध्ये आर्ग्युमेंट पत्त्याने जातं. ०.६ हा स्थिरांकही कुठेतरी मेमरीत ठेवून त्याचा पत्ता दिला जातो. जीफोरट्रान तो केवळ-वाचायच्या भागात ठेवतो, तिथे लिहायला गेलं की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामचा गळा धरते. जुना कंपायलर बहुधा तात्पुरती प्रत काढून तिचा पत्ता देत होता. फार पूर्वीच्या काही कंपायलरांवर तर स्थिरांकच बदलून जायचा, आणि त्यानंतर प्रोग्रामभर तो नव्या किमतीने वावरायचा.

हे असं आणखी कुठे कुठे आहे? कंपायलरला विचारता येत नाही, कारण आर्ग्युमेंट नुसतं वाचायचं की बदलायचं हे सांगणारा इंटेंट हा शब्द फोरट्रान ९० मध्ये आला आणि इथे सगळं त्याआधीचं. एक ओबडधोबड स्क्रिप्ट लिहिली: जी सबरुटीन्स आपल्या आर्ग्युमेंटला काही देतात ती काढायची आणि त्यांना बोलावताना त्या जागी आकडा असेल तर दाखवायचं. सापडलेल्या प्रत्येक जागी स्थानिक व्हेरिएबल घातलं.

११ मार्च

कॉमन ब्लॉकमध्ये एक इंटिजर आणि लगेच मागोमाग रिअल*८ (८ बाइटचा रिअल, म्हणजे डबल). जीफोरट्रान मध्ये ४ बाइट सोडून देतो, म्हणजे डबल नीट ८च्या पटीवर बसेल. तशी वॉर्निंगही देतो. दुसऱ्या एका फाइलीत हाच ब्लॉक नुसता रिअल*४चा अ‍ॅरे म्हणून जाहीर केलाय, त्यामुळे तिथले सगळे घटक एका घराने सरकले. कॉमन अलाइन न करण्याचा पर्याय आहे, तो दिला. वेग थोडा जाईल, जाऊ दे.

१२ मार्च

प्रोग्राम शेवटपर्यंत चालला. आकडे मात्र भलतेच. विसर्ग पहिल्या तासाला बरोबर, मग हळूहळू दुसरीकडेच. ऑप्टिमायझेशन (कंपायलर वेगासाठी करतो ते फेरफार) बंद करून बांधला तर वेगळे भलतेच.

हे दुखणं ओळखीचं आहे. तक्त्यातून किंमत काढणारं एक सबरुटीन गेल्या वेळी तक्त्यात कुठे होतो तो क्रमांक लक्षात ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्यापासून शोधायला नको. लक्षात ठेवतं म्हणजे काय, तर स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि पुढच्या खेपेला ते तिथेच असेल असं धरून चालतं. किंमत टिकवायला सांगणारं सेव्ह हे विधान लिहिलेलं नाही. पहिल्या खेपेला ते शून्य असेल असंही धरलंय. तेही लिहिलेलं नाही.

जुना कंपायलर सगळी स्थानिक व्हेरिएबल्स स्थिर जागेत ठेवायचा आणि ती जागा सुरुवातीला शून्याने भरलेली असायची. त्यामुळे दोन्ही गृहीतकं जन्मभर खरी ठरली. जीफोरट्रान छोटी व्हेरिएबल्स स्टॅकवर (सबरुटीन संपलं की सुटणाऱ्या जागेत) नाहीतर रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आत) ठेवतो. गंमत अशी की एका मर्यादेहून मोठे स्थानिक अ‍ॅरे तो आपणहून स्थिर जागेत टाकतो. म्हणजे एकाच सबरुटीनमधला तक्ता लक्षात राहतो आणि त्या तक्त्यातली जागा विसरली जाते. सगळंच विसरलं असतं तर लवकर कळलं असतं.

'नो-ऑटोमॅटिक' हा पर्याय जुनी वागणूक परत आणतो. लावला, आणि आकडे एकदम ओळखीचे दिसायला लागले. मुलगा म्हणाला, "झालं की मग!" झालं नाही. हा पर्याय कायम ठेवला तर हे सगळं तसंच पुरलेलं राहील, आणि पुढे कुणी समांतर चालवायला गेला की त्याच्या पायाखाली फुटेल. पण आत्ताच काढून, अंदाजाने जिथे-तिथे सेव्ह लिहीत सुटणं त्याहून वाईट.

मधला मार्ग: रोजच्या बिल्डला पर्याय राहू दे. वेगळ्या बिल्डमध्ये तो काढायचा, रिअल व्हेरिएबल्स सिग्नलिंग नॅनने ('हा आकडा नाही' अशा खुणेने) भरायची, इंटिजर एखाद्या अशक्य आकड्याने, आणि अवैध गणित झालं की तिथल्या तिथे थांबायला सांगायचं. मग किंमत न देता वापरलेलं प्रत्येक व्हेरिएबल स्वतःच हात वर करतं. या कामाला वेळ लागेल.

१३ मार्च

डायरेक्ट अ‍ॅक्सेस फाइली (ज्यांतली हवी ती नोंद थेट वाचता येते) वाचल्या जाईनात. ओपनमध्ये रेकॉर्डची लांबी २० दिलीय. जुन्या कंपायलरच्या हिशेबात २० म्हणजे ४-बाइटचे २० शब्द, जीफोरट्रानच्या हिशेबात २० बाइट. स्टँडर्डने एकक कंपायलरवर सोडलं होतं. सगळीकडे ८०. अर्ध्या तासात निकाल. अशा चुका रोज याव्यात.

१७ मार्च

त्याच फाइलींतून वाचलेला एक दरवाजा एकाच वेळी उघडाही आहे आणि बंदही.

शब्दशः. कोडमध्ये एका ठिकाणी 'उघडा असेल तर' आणि थोडं खाली 'उघडा नसेल तर', मध्ये कुणीही त्या व्हेरिएबलला हात लावत नाही. प्रोग्राम दोन्हीत शिरला. डीबगरमध्ये ओळीमागून ओळ चालवत गेलो आणि डोळ्यांदेखत दोन्हीत शिरताना बघितला. मुलाला बोलावून दाखवला, नाहीतर विश्वास बसला नसता त्याचा.

व्हेरिएबल लॉजिकल, म्हणजे खरं किंवा खोटं एवढंच सांगणारं. फाइल जुन्या कंपायलरने लिहिलेली. त्याच्याकडे 'खरं' म्हणजे -१, सगळे बिट १. तपासताना तो फक्त शेवटचा बिट बघायचा, विषम म्हणजे खरं. जीफोरट्रानकडे खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०, याशिवाय तिसरी किंमत असूच शकत नाही असं तो धरून चालतो. फाइलीतून -१ आला. 'उघडा आहे का', शून्य नाही, म्हणजे आहे. 'उघडा नाही का' यासाठी त्याने शेवटचा बिट उलटवला, -१चा -२ झाला, -२ही शून्य नाही, म्हणजे नाही.

कंपायलरचं काही चुकलेलं नाही. लॉजिकलच्या खोक्यात कुठले बिट असावेत हे भाषेने कधीच सांगितलेलं नव्हतं, आणि एका कंपायलरने लिहिलेली बायनरी फाइल दुसऱ्याने वाचावी असंही नाही. फाइल वाचणाऱ्या एका सबरुटीनमध्ये आता हे रकाने इंटिजर म्हणून वाचतो आणि शून्याशी तुलना करून लॉजिकल भरतो. डेटा फाइली बदलायच्या नाहीत, त्या जुन्या मशीनवरही चालायला हव्यात.

१९ मार्च

ताडणीची स्क्रिप्ट. साध्या डिफने (दोन फाइली ओळीओळीने ताडणाऱ्या आज्ञेने) काम होत नव्हतं. जुना ०.१२३ ला .१२३ छापायचा, जीफोरट्रान जागा असेल तर आधीचं शून्य छापतो. दोन्ही स्टँडर्डला मान्य. ऋण शून्यापुढे जीफोरट्रान वजा चिन्हही टाकतो, त्यामुळे स्थिर पाण्याच्या तक्त्यात -०.००० ची रांग लागते. ओळींची शेवटची अक्षरंही वेगळी. हजारो ओळी वेगळ्या, पण फरक एकातही नाही. आता आकडे वाचून आकड्यांशी ताडतो, पातळीला अर्धा मिलिमीटर सूट.

२१ मार्च

बहुतेक इनपुट जुळली. जी जुळली नाहीत ती जवळपास सगळी एकाच जागी मरतात: दरवाज्याच्या खालची पातळी काढणारं सबरुटीन, "५० आवर्तनांत उत्तर आले नाही", आणि स्टॉप. जुन्या मशीनवर तीच इनपुट पाच-सहा आवर्तनांत सुटतात.

छापून बघितलं. पातळी दोन किमतींमध्ये झुलते आहे. फरक प्रत्येक वेळी ०.००००६१. आणि कोडमधली अट: फरक ०.००००१ च्या खाली आला की थांबा.

आज इथेच थांबलो, पण हा ०.००००६१ कुठून आला ते कळलंय.

२४ मार्च

सिंगल प्रिसिजन रिअलमध्ये २४ बिट आकड्यासाठी असतात. पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली, ५१२.३५ अशी. ५१२ ते १०२४ या पट्ट्यात दोन शेजारच्या सिंगल आकड्यांमधलं अंतर २चा उणे चौदावा घात, म्हणजे ०.००००६१. त्याच्या मधली पातळी या प्रकारात लिहिताच येत नाही. मग शेजारच्या दोन किमतींमध्ये झुलणारा फरक ०.००००१ च्या खाली येणार कसा? एक तर तो शून्य होईल, नाहीतर ०.००००६१ राहील. ही अट घातली तेव्हाच ती कागदावर अशक्यप्राय होती.

मग इतकी वर्षं चाललं कसं? जुन्या ३२-बिट कोडात गणित एक्स८७ च्या (प्रोसेसरमधल्या जुन्या दशांश-गणिताच्या भागाच्या) रजिस्टरांमध्ये व्हायचं, आणि ती ८० बिटांची. हे आवर्तन छोटं, मध्ये कुणाला बोलावणं नाही, त्यामुळे पातळी लूप संपेपर्यंत रजिस्टरमध्येच राहायची. मेमरीत उतरेपर्यंत तिला सिंगलहून बरीच जास्त अचूकता, म्हणजे अट सहज पुरी. ६४-बिट मशीनवर जीसीसी त्याच्या जागी नंतर आलेलं एसएसई वापरतो, तिथे सिंगल म्हणजे प्रत्येक पायरीला सिंगल. सोर्समध्ये रिअल*४ लिहिलं होतं, पण चालत होतं त्याहून बरंच मोठं काहीतरी.

एक्स८७ च्या या जास्तीच्या अचूकतेवरून उलट्या दिशेची ओरड खूप झाली आहे. जीसीसीच्या दोष-यादीतली ३२३ क्रमांकाची नोंद त्याचीच, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं माणसं येऊन भांडून गेली: माझे दोन समान आकडे समान का निघत नाहीत? आम्ही बहुधा त्या दोषावर जगणाऱ्यांपैकी.

पर्याय चाचपले. सगळ्या रिअल डबल करणारा पर्याय लावावा, तर कॉमनमधले इंटिजर-रिअल तुकड्यांचे हिशेब कोलमडतात, कारण ४ आणि ८ बाइट एकमेकांत बसणार नाहीत. जीसीसीला एक्स८७ वापरायला सांगता येतं. तसं करून बघितलं, जुळलं, पण दुसऱ्याच एका लूपमध्ये व्हेरिएबल मेमरीत उतरतं आणि ऑप्टिमायझेशनच्या पातळीनुसार उत्तर बदलतं. त्यावर विसंबायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. अट सैल करून ०.०००१ करणं सगळ्यात सोपं, आणि कुणी विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी तेच सांगितलं असतं. पण मग पातळी एखाद्या आवर्तनाने आधी थांबते, तो फरक पुढच्या पायरीत जातो, आणि मी जुन्याशी जुळवतोय की माझ्या सोयीशी हे मलाच सांगता येणार नाही.

त्या एका सबरुटीनमधली स्थानिक व्हेरिएबल्स डबल केली. आत येताना डबल, बाहेर जाताना सिंगल. जुना कंपायलर न सांगता जे करत होता ते आता कोडमध्ये लिहिलेलं आहे. शेजारी तीन ओळींची कॉमेंट, २चा उणे चौदावा घात धरून.

सगळी इनपुट अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

२८ मार्च

जुळल्यावर अ‍ॅरेच्या मर्यादा तपासणारं बिल्ड चालवलं. पहिल्याच सबरुटीनमध्ये थांबलं, कारण आर्ग्युमेंटमधले अ‍ॅरे एका घराचे म्हणून जाहीर केलेत. 'लांबी काय ती बोलावणाऱ्याला माहीत' असं सांगायची ती जुनी रीत. सगळीकडे १च्या जागी तारांकन (*) केलं. यंत्रवत काम, मुलाने केलं.

मग खरं सापडलं. शेवटच्या छेदावर कोड पुढच्या छेदाची रुंदी वाचतो. पुढचा छेद नाही. लहान कालव्यांत तिथे शून्य असतं, काही बिघडत नाही. सगळ्यात लांब कालव्याला बरोबर २०० छेद आहेत आणि अ‍ॅरेही २००चा. २०१वं घर म्हणजे कॉमनमधला शेजारचा अ‍ॅरे, त्याचं पहिलं घर: पहिल्या छेदाचा मॅनिंग गुणांक (कालव्याच्या खडबडीतपणाचा आकडा). तो रुंदी म्हणून घेतला जातो.

आणि हे जुन्याशी तंतोतंत जुळतं, कारण कॉमनची मांडणी दोन्हीकडे सारखी. ताडणीच्या स्क्रिप्टने याला बरोबर म्हटलं होतं.

हे मॅडमना सांगणं भाग होतं, तक्ते त्यांच्या सहीने जातात. दुरुस्त करून काढलेली पातळी समोर ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं शेपटाकडची पातळी आपण चुकीची छापतोय?"

"हो मॅडम. पण ४ मिलिमीटरनं."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. "पट्टीवर वाचताना माणसाची याहून जास्त चूक होते. दुरुस्त करा तुम्ही. फक्त आधीच्यात मिसळू नका. जुनं जुळतं ते एक राहू दे, आणि हे वेगळं, कधी बदललं ते लिहून."

मी हेच मागायला गेलो होतो. जुळवणी पूर्ण झाली तिथे खूण मारली. दुरुस्ती त्यानंतरचा स्वतंत्र बदल.

१ एप्रिल

मुलाच्या मशीनवर आकडे शेवटच्या दोन स्थानांत वेगळे. त्याने वेगासाठी 'याच प्रोसेसरसाठी बांध' असा पर्याय घातला होता. मग जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच एफएमए सूचनेत करतो, मधली एक गोलाई (आकडा जवळच्या लिहिता येणाऱ्या आकड्यावर आणणं) टळते. उत्तर उलट किंचित जास्त अचूक. काढायला लावलं. "पण सर, अचूक आहे ना?" आहे. पण मशीनगणिक वेगळं अचूक नकोय मला.

३ एप्रिल

किंमत न देता वापरलेल्या व्हेरिएबल्सची यादी संपत आली. बहुतेक ठिकाणी सेव्ह आणि सुरुवातीचं शून्य लिहून भागलं. दोन सबरुटीन्स उरलीत, त्यांत मागच्या खेपेची किंमत मुद्दाम वापरलीय की नुसती राहून गेलीय हे कोडवरून ठरत नाही. मॅडमना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. त्या दोघांपुरता 'नो-ऑटोमॅटिक' ठेवून बाकी फाइलींवरून काढला.

बिल्ड फाइलीत आता प्रत्येक पर्यायाशेजारी तो का आहे ते एका ओळीत लिहिलंय. ७२ आणि १३२ रकान्यांच्या फाइलींच्या याद्या वेगळ्या. कॉमनचा अलाइनमेंटचा पर्याय सगळ्यांना.

आलेख छापणाऱ्या फाइली आणलेल्या नाहीत. त्या ज्या प्लॉटरसाठी होत्या तो आता कुणाकडे नाही. मुलाला म्हटलं, आकड्यांच्या फाइली वाचून आलेख काढणारं काहीतरी पायथनमध्ये लिही. त्याने संध्याकाळपर्यंत पहिला आलेख काढूनही दाखवला, फक्त य-अक्ष उलटा होता.

सोमवारी दुसऱ्या कंपायलरवर, फ्लँगवर, हेच सगळं बांधून बघायचं. जे तिथे वेगळं निघेल ते अजून कोडमध्ये लिहायचं राहिलंय.